डेल्सफर्ड : एका वतनाची वसुली

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून वूस्टरकडे जाणारी गाडी ऑक्सफर्ड सोडून पुढे गेली की स्टेशनं लहान लहान होत जातात. लंडनपासून दीडेक तासाने किंगम येतं. माझ्याबरोबर चारपाच माणसं उतरली. त्यांना न्यायला गाड्या आल्या होत्या, त्यामुळे दोन मिनिटांत फलाटावर मी एकटीच उरले. तिथून डेल्सफर्ड अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर आहे. रस्त्याच्या कडेला झुडपांची कुंपणं, पलीकडे मेंढ्या, मधाच्या रंगाच्या दगडांची तुरळक घरं. हा कॉट्सवोल्ड्सचा भाग. इंग्लंडची कॅलेंडरं छापणाऱ्यांचं पोट याच्यावर चालत असावं.

डेल्सफर्डला गाव म्हणावं का हा प्रश्नच आहे. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हणतात. एक चर्च, थोडी घरं, एक लांबलचक भिंत आणि भिंतीमागे दाट झाडी. याच नावाचं शेतमालाचं एक आलिशान दुकान जवळच आहे, तिथे लोक लांबून गाड्या घेऊन येतात; वाडीत मात्र कोणी येत नाही. झाडीमागे डेल्सफर्ड हाउस आहे. ती खासगी मालमत्ता असल्यामुळे आत जाता येत नाही. मी तशी घर बघायला गेलेही नव्हते. मला चर्चच्या आवारातली एक समाधी बघायची होती. ज्या माणसाने सालबाईच्या तहाला कलकत्त्याहून मान्यता दिली, तो वॉरन हेस्टिंग्ज इथे पुरलेला आहे.

शाळेत सालबाईचा तह आपण सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. साल १७८२, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट, तीन गुण. हेस्टिंग्ज हा त्या धड्यातला एक परका शब्द. त्याला गाव असेल, आजोबा असतील, घर गेल्याचं दुःख असेल असं तेव्हा मनात आलं नव्हतं. पुढे मेकॉलेचा त्याच्यावरचा १८४१ सालचा निबंध वाचला आणि त्यातल्या एका प्रसंगापाशी अडकले.

हेस्टिंग्ज घराणं पिढ्यानपिढ्या डेल्सफर्डचं जमीनदार. सतराव्या शतकातल्या यादवीत त्यांनी राजाची बाजू घेतली, त्यात संपत्ती गेली, आणि अखेर १७१५ मध्ये उरलेली जहागीर विकावी लागली. घराण्याकडे राहिली ती फक्त गावच्या चर्चची धर्मोपदेशकी. म्हणजे ज्या गावचे मालक होते, त्याच गावात पोटापुरत्या उत्पन्नावर राहायचं. वॉरनचा जन्म ६ डिसेंबर १७३२ चा, शेजारच्या चर्चिल नावाच्या गावातला. आई बाळंतपणातच गेली, बाप मुलाला टाकून निघून गेला. मुलाला वाढवलं ते आजोबांनी. गावातल्या शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर तो शाळेत जायचा आणि जी जमीन आपली असायला हवी होती तिच्यावर दुसऱ्याची गुरं चरताना बघायचा. सात वर्षांचा असताना एका उन्हाळ्याच्या दिवशी ओढ्याकाठी पडल्या पडल्या त्याने ठरवलं, की हे सगळं मी परत मिळवीन. ही गोष्ट हेस्टिंग्जनेच म्हातारपणी सांगितली. सत्तर वर्षं उलटल्यावर माणूस आपल्या लहानपणाला थोडी कलाकुसर करतोच, ती सूट द्यावी. पण पुढे त्याने नेमकं तेच केलं, हे खरं.

मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तिला आपल्याकडे शब्दच आहे : वतन. मूळ शब्द अरबी, पण त्याच्यापायी भाऊबंदांचे जेवढे महजर, कज्जे आणि खून मराठी मुलुखात झाले तेवढे क्वचितच कुठे झाले असतील. वतनात उत्पन्न असतं. पण त्याहून मोठा असतो गावातला मान, आणि गेलेलं वतन पोटातल्या खड्यासारखं पिढ्यानपिढ्या टोचत राहतं.

माझंही थोडं आहे. सातारा जिल्ह्यात आमचं गावचं घर होतं. काही वर्षांपूर्वी काकांचा फोन आला, की कागद पाठवतो आहे, सही कर. ते हक्कसोडपत्र होतं. मुलींनी ते करायचं असतं, आत्यांनीही केलं होतं. मी सही केली, आणि मनात काही न ठेवता केली. पुढे दोन वर्षांत घर विकलं गेलं. कोणाची चूक नव्हती. छप्पर गळत होतं, राहणारं कोणी नव्हतं. तरी तेव्हापासून कधी कधी रात्री मी पैशांचा हिशेब करते, की ते परत घ्यायचं झालं तर किती लागतील. म्हणून ओढ्याकाठच्या त्या मुलाविषयी वाचताना आधी मला त्याची बाजू पटली, आणि मग ती पटल्याची भीती वाटली.

कारण त्या मुलाने हे पैसे कुठून आणले ते आपल्याला माहीत आहे.

१७५० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून तो कलकत्त्याला निघाला. १७७२ मध्ये बंगालचा गव्हर्नर आणि दोन वर्षांत पहिला गव्हर्नर जनरल झाला. वार्षिक पगार २५,००० पौंड, त्या काळात डोळे पांढरे व्हावेत असा. हिंदुस्थानातून गब्बर होऊन परतणाऱ्यांना इंग्लंडात तुच्छतेने 'नबॉब' म्हणत. त्यांच्यात हेस्टिंग्ज सर्वांत लोभी नव्हता, क्लाइव्हच्या मानाने तर नव्हताच. त्याला पैसा हवा असे तो बहुतेक वेळा कंपनीसाठी, आणि कंपनीला पैसा हवा होता लढायांसाठी. त्यांतली एक मोठी लढाई आपली.

तिची सुरुवात मुंबईकरांनी केली. नारायणरावांच्या खुनानंतर पेशवाईवरून हटवले गेलेले राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मुंबईच्या इंग्रजांचा डोळा साष्टीवर होता. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचं बेट, आजची बहुतेक उपनगरं. १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाणं घेतलं आणि मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या मंडळाने तो नामंजूर करून १७७६ मध्ये पुण्याशी पुरंदरचा तह केला, मुंबईने तो मनापासून कधीच मानला नाही. अखेर मुंबईची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. जानेवारी १७७९ मध्ये तळेगावपाशी तिचा दाणागोटा तुटला. जड तोफा तळ्यात ढकलून ती मागे फिरली, वडगावला कोंडली गेली आणि शरणागतीच्या अटी लिहून देऊन सुटली.

त्याआधीच, १७७८ मध्ये, हेस्टिंग्जने एक अचाट गोष्ट केली होती. यमुनेकाठच्या काल्पीहून त्याने एक फौज पायी पश्चिम किनाऱ्याकडे धाडली. बुंदेलखंड, भोपाळ, बऱ्हाणपूर अशी मजल करत जनरल गॉडर्ड ती घेऊन फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेला पोहोचला. वडगावच्या अटी हेस्टिंग्जने धुडकावल्या. १७८० मध्ये गॉडर्डने अहमदाबाद आणि वसई घेतली, ऑगस्टमध्ये पॉपमने रातोरात शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. पण पुणं काही हाती येत नव्हतं. त्यात युरोपात फ्रेंचांशी युद्ध सुरू झालेलं, आणि १७८० मध्ये हैदरअली कर्नाटकात उतरला. कलकत्त्याची तिजोरी आटली.

आता बनारसकडे बघायचं. तिथला राजा चेतसिंग कंपनीला ठरलेली खंडणी नियमित भरत होता. १७७८ पासून हेस्टिंग्जने त्याच्याकडे वर्षाला पाच लाख रुपये जादा मागायला सुरुवात केली, मग घोडदळ मागितलं. चेतसिंग टाळाटाळ करतो म्हणून ऑगस्ट १७८१ मध्ये तो स्वतः बनारसला गेला. पन्नास लाखांचा दंड वसूल करायचा त्याचा इरादा होता, तो त्याने पुढे लपवलाही नाही. त्याने राजाला त्याच्याच वाड्यात कैद केलं, शहर उसळलं, शिपायांची कत्तल झाली आणि गव्हर्नर जनरलला रात्री चुनारच्या किल्ल्यात पळून जावं लागलं. बंड मोडलं, पण बिजयगडचा खजिना सैनिकांनी आपसांत वाटून घेतला. मग दृष्टी वळली अयोध्येच्या बेगमांकडे. जानेवारी १७८२ मध्ये फैजाबादला त्यांच्या खोजांना बेड्या घालून, उपाशी ठेवून बेगमांचा खजिना बाहेर काढण्यात आला. त्यानंतर चार महिन्यांनी, १७ मे १७८२ ला, ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई नावाच्या खेड्यात महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठ्यांशी तह झाला.

हा क्रम शाळेच्या पुस्तकात दिसत नाही. तिथे मराठ्यांचं युद्ध एका धड्यात आणि बनारस-अयोध्या दुसऱ्या धड्यात. प्रत्यक्षात ती एकाच खातेवहीची दोन पानं होती. मराठ्यांशी लढण्याचा खर्च बनारसच्या आणि फैजाबादच्या माणसांनी भरला. राज्य गमावलेला चेतसिंग अखेर महादजींच्या आश्रयाला गेला आणि १८१० मध्ये ग्वाल्हेरला वारला.

तहात वसई परत मिळाली, सवाई माधवरावांची पेशवाई इंग्रजांनी मान्य केली, राघोबादादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. नाना फडणविसांनी लगेच शिक्का उठवला नाही. हैदर मित्र होता, तो लढतो आहे तोवर हातचा पत्ता का टाकायचा? ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये मान्यतेच्या कागदांची देवाणघेवाण झाली.

१७८५ मध्ये हेस्टिंग्ज मायदेशी परतला. १७८८ हे त्याच्या आयुष्यातलं विलक्षण साल. १३ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावर महाभियोगाचा खटला उभा राहिला, आणि त्याच वर्षी त्याने डेल्सफर्ड विकत घेतलं. घराण्याच्या हातून सुटल्याला त्र्याहत्तर वर्षं झाली होती. एकीकडे एडमंड बर्क त्याला सगळ्या हिंदुस्थानाचा अपराधी ठरवत होता, आणि दुसरीकडे सॅम्युएल पेपिस कॉकरेल हा वास्तुकार त्याच्या घराचे नकाशे करत होता. खटला सात वर्षं चालला. २३ एप्रिल १७९५ ला सर्व आरोपांतून तो सुटला. घर त्याआधीच उभं राहिलेलं होतं.

बर्कने १७८६ मध्ये कॉमन्स सभेपुढे ठेवलेल्या आरोपांची संख्या बावीस. त्यांतला विसावा आरोप 'मराठ्यांशी युद्ध आणि तह' असा होता. हे वाचून मी चमकले, कारण आपल्याकडे त्याचा उल्लेख फारसा होत नाही. पण वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये प्रत्यक्ष लढवले गेले ते बनारस, बेगमा, नजराणे आणि कंत्राटं हेच मुद्दे. आपली फिर्याद वाचली गेली, सुनावणीला आली नाही.

खटल्यात हेस्टिंग्जचे सत्तर हजारांवर पौंड गेले. तो जवळजवळ बुडाला. तेव्हा कंपनी धावून आली : दरसाल ४,००० पौंड तनखा आणि ५०,००० पौंड बिनव्याजी कर्ज. म्हणजे डेल्सफर्डचे माळी, घोडे आणि छपराची डागडुजी यांचा खर्च पुढली वीसेक वर्षं कंपनीच्या तिजोरीतून चालला. त्या तिजोरीत बंगालच्या कुळांचा सारा होता.

घर आत जाऊन बघता येत नसलं तरी त्याची वर्णनं भरपूर आहेत. पिवळसर दगडाची डौलदार वास्तू, आणि बागेच्या बाजूला अर्धगोल पुढे आलेल्या भागावर एक घुमट. तो घुमट जरा आपल्याकडचा वाटतो, म्हटलं तर. दिवाणखान्यात टॉमस बँक्स या शिल्पकाराने कोरलेली संगमरवरी शेकोटी, तिच्यावर हिंदू स्त्रिया. मुर्शिदाबादच्या मणी बेगमने हेस्टिंग्जच्या पत्नीला, मारियनला, दिलेल्या हस्तिदंती खुर्च्या. याच कॉकरेलने पुढे जवळच सेझिनकोट इथे स्वतःच्या भावासाठी घर बांधलं, ते तर सरळ मुघल थाटाचं, तांब्याच्या घुमटाचं. डेल्सफर्डमध्ये हिंदुस्थान अजून दबक्या पावलाने वावरतो.

बागेत हेस्टिंग्ज लिची लावायचा. काश्मिरी शालीची लोकर देणारे तिबेटचे बोकड त्याने आणले. भूतानची चमरी गाय आणली, जिच्या शेपटीच्या केसांची आपल्या देवळात चवरी होते. यातलं काही तिथे रुजलं नाही. आयुष्यभर डेल्सफर्डसाठी झुरलेला माणूस डेल्सफर्डला पोहोचल्यावर बंगालसाठी झुरू लागला, एवढाच त्याचा अर्थ मी लावते.

त्याला नुसता खलनायक करून भागत नाही. चार्ल्स विल्किन्सने केलेलं भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर १७८५ मध्ये लंडनला छापलं गेलं ते हेस्टिंग्जच्या आग्रहामुळे, आणि त्याला जोडलेलं त्याचं पत्र आजही वाचण्याजोगं आहे. त्याला फारसी येत होती, हिंदुस्थानी लोकांविषयी त्याला खरी आस्था होती. फैजाबादच्या खोजांना बेड्या पडल्या त्याही त्याच्याच आग्रहामुळे. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं फिटत नाही.

चर्चच्या आवारात समाधी सापडायला वेळ लागला नाही. चौकोनी दगडी चौथरा, वर कलश. बिरुदं नाहीत, गव्हर्नर जनरल नाही, बंगाल नाही. फक्त नाव आणि साल : वॉरन हेस्टिंग्ज, १८१८.

गवतात उभी राहून मी ते साल बघत राहिले. इंग्रज वाचकाला त्यात काही दिसत नसेल. मराठी वाचकाला हे साल दगडावर कोरलेलं दिसलं की पोटात हलतं. ३ जून १८१८ ला दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. त्यानंतर बरोबर ऐंशी दिवसांनी, २२ ऑगस्टला, या वाडीत हा म्हातारा पंच्याऐंशीव्या वर्षी आपल्या अंथरुणात वारला. पेशवाई बुडवणारा गव्हर्नर जनरलही हेस्टिंग्जच. तो मात्र वेगळा, मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. आपल्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत दोघांची हमखास गल्लत होते. वॉरनने मराठ्यांचं राज्य बुडवलं नाही. सालबाईने तर वीस वर्षं शांतताच दिली. पण ती शांतता परवडावी म्हणून जे केलं गेलं, त्यातून पुढच्या लढायांचा पैसा आणि रीत दोन्ही तयार झाली.

परतताना मला मेणवली आठवत होती. वाईपासून जवळ, कृष्णेकाठी नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा. लहानपणी आजोळी गेलो की घाटावर जायचो, मेणेश्वराजवळ टांगलेली पोर्तुगीज घंटा बघायचो. तिच्यावर १७०७ हे साल आहे, आणि ती वसईच्या स्वारीतून आली असं सांगतात. जी वसई इंग्रजांनी घेतली आणि सालबाईत परत दिली, तीच. नाना आणि हेस्टिंग्ज एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांनाही राजधानीपासून लांब, पाण्याकाठी एक घर हवं होतं. हेस्टिंग्जच्या मागे मारियन १८३७ पर्यंत डेल्सफर्डमध्ये राहिली. तिचा मुलगा गेल्यावर १८५३ मध्ये हस्तिदंती खुर्च्यांसकट सामानाचा लिलाव झाला आणि घर परक्याकडे गेलं. त्र्याहत्तर वर्षांनी मिळवलेलं वतन पासष्ट वर्षं टिकलं. नानांच्या मागे बाजीरावाने त्यांची मालमत्ता जप्त केली, आणि त्यांच्या विधवा पत्नी जिऊबाईंना वर्षाला बारा हजारांचा तनखा बांधून दिला तो इंग्रजांनी. पण मेणवलीच्या वाड्यातून नानांच्या दफ्तराचे कागद निघाले, आणि त्यांच्या आधाराने आपला इतिहास आपल्याला आपल्या बाजूने लिहिता आला. मेणवलीने सांभाळलं ते हे.

डेल्सफर्ड हाउसचे आजचे मालक कोण, हे सांगितलं तर तुम्हाला गंमत वाटेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ते घर बॅमफर्ड कुटुंबाकडे आहे. बॅमफर्ड म्हणजेच 'जेसीबी'मधले जे, सी आणि बी. आपल्या गावोगाव पिवळं यंत्र आलं की पोरं ज्याच्यामागे धावतात ते. त्यांचा एक मोठा कारखाना तळेगावला आहे, जिथल्या तळ्यात १७७९ साली इंग्रजांनी तोफा ढकलल्या त्याच तळेगावच्या परिसरात. यात कसला सूड नाही की न्याय नाही. आता तिथे मावळातली मुलं पगारावर कामाला जातात, एवढंच.

किंगमच्या फलाटावर गाडीची वाट बघत मी पुन्हा तो माझा हिशेब काढला. यावेळी एक रकाना वाढवला. पैसे किती लागतील, याच्या शेजारी ते येणार कुठून. माझ्या बाबतीत उत्तर साधं आहे : पगारातून, वीस वर्षांच्या हप्त्यांनी. म्हणजे बहुधा कधीच नाही. ओढ्याकाठच्या त्या मुलाने हा दुसरा रकाना कधी भरला नाही. तो त्याच्यासाठी बनारसने आणि फैजाबादने भरला, आणि डेल्सफर्डच्या समाधीवर तेवढी जागा अजून कोरी आहे.